ओळ भरणारे यंत्र

छापलेल्या पुस्तकाचे कोणतेही पान उघडा आणि त्याच्या उजव्या कडेकडे नीट पाहा. डावीकडे सगळ्या ओळी एका रेषेत सुरू होतात, यात नवल नाही. हाताने लिहितानाही तेवढे आपल्याला साधते. पण उजवीकडेही त्या सुतात संपतात. एका ओळीत सहा शब्द असतात, दुसरीत नऊ. एकीत ‘विश्वविद्यालय’ असा लांबलचक शब्द, तर दुसरीत ‘तो’ आणि ‘मी’. तरी प्रत्येक ओळ संपते ती नेमकी तिथेच. आपण इतकी वर्षे वाचतो, पण याकडे कधी लक्ष जात नाही. या उजव्या कडेपायी गेल्या नव्हे, त्याच्या मागच्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या शोधकांनी साठ-सत्तर वर्षे डोकेफोड केली, भांडवलवाल्यांचे पैसे बुडाले, आणि एका जगप्रसिद्ध विनोदी लेखकावर म्हातारपणी घरदार सोडून देशोदेशी व्याख्याने देत फिरण्याची पाळी आली. फिरत फिरत तो आपल्या मुंबईलाही आला होता. त्याची ही हकीकत आहे. त्याची, आणि एका घड्याळजीची.

आधी जुळाऱ्याचे काम काय असते ते पाहू. छापखान्यात त्याच्यापुढे लाकडी केस तिरपी मांडलेली असे. तिच्यात खण, आणि एकेका खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. ज्या अक्षराचे काम वरचेवर पडते त्याचा खण मोठा आणि हाताशी. क्वचित लागणारे अक्षर दूर कोपऱ्यात. डाव्या हातात स्टिक धरायची, उजव्या हाताने खिळे टिपून तिच्यात उलटे लावत जायचे. हे झाले पहिले काम. ओळ संपत आली की दुसरे सुरू होते. शेवटचा शब्द तरी मावत नाही, नाहीतर थोडी जागा तरी उरते. मग शब्दांमधल्या स्पेसा काढून कुठे पातळ घालायच्या, कुठे जाड घालायच्या, आणि ओळ अशी बसवायची की बोटाने ढकलली तर हलली पाहिजे, पण स्टिक कलती केली तर पडता कामा नये. आणि छपाई झाली की तिसरे काम: प्रत्येक खिळा ओळखून पुन्हा आपल्या खणात सोडायचा. सोडताना चूक झाली तर दुसऱ्या दिवशी ‘राजा’चा ‘बाजा’ व्हायला वेळ लागत नाही! चार तास जुळवले तर साधारण तासभर सोडण्यात जातो. हे सगळे धरून एका माणसाच्या हातून तासाला दीडेक हजार खिळ्यांचे काम उरकत असे. १४५०च्या सुमारास माइन्झ गावी गुटेनबर्गने छापायला सुरुवात केली, तेव्हापासून चारशे वर्षे या वेगात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दरम्यान छापण्याच्या यंत्राला वाफ लागली, कागदाची लांबच लांब गुंडाळी निघाली, तासाला हजारो प्रती भराभर बाहेर पडू लागल्या. जुळारी मात्र जिथल्या तिथे.

या तीन कामांतले पहिले तेवढे डोळ्यांत भरते. कोणीही छापखान्यात गेला की त्याला दिसतो तो भराभर खिळे टिपणारा हात. तेव्हा शोधक लागले ते त्या हाताच्या मागे. १८२२ साली विल्यम चर्च नावाच्या, इंग्लंडात राहणाऱ्या अमेरिकन माणसाने खिळे जुळवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. कळ दाबली की त्या अक्षराचा खिळा खाली यायचा. यंत्र प्रत्यक्ष कामाला कधी लागले नाही. पण या चर्चच्या मनात एक कल्पना होती, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. वापरलेले खिळे पुन्हा खणात सोडत बसायचेच कशाला? वितळवून टाकावेत आणि नवे ओतावेत! ही कल्पना त्याच्या काळाच्या फार पुढे होती. ती तशीच पडून राहिली.

१८४०च्या सुमारास यंग आणि देलकांब्र या जोडीचे यंत्र निघाले. त्याचा कळफलक पियानोसारखा, म्हणून नावही तसेच पडले, ‘पियानोटाइप’. पुढे पोलादाच्या कारखानदारीत ज्याचे नाव झाले तो हेन्री बेसेमर या यंत्राच्या रचनेत मदतीला होता. अडचण अशी होती, की दूरच्या नळीतला खिळा उशिरा पोचायचा आणि जवळचा आधी. म्हणजे कळा बरोबर क्रमाने दाबल्या तरी अक्षरे मागेपुढे. बेसेमरने उतरत्या पाटावरच्या पन्हळींची वळणे अशी आखली, की कोणत्याही खिळ्याला पोचायला सारखाच वेळ लागावा. १८४२ साली लंडनच्या ‘फॅमिली हेरल्ड’ या साप्ताहिकाची जुळणी या यंत्रावर झाली. कळा दाबायला तरुण मुली बसवल्या होत्या, त्यावरून जुळाऱ्यांत मोठी चीड उसळली. पण खरी मेख निराळीच होती. यंत्रातून खिळ्यांची जी रांग बाहेर येई ती नुसती लांब रांग. ती तोडून ओळी करायला, स्पेसा घालून ओळ भरायला दुसरा माणूस जवळ बसवावा लागे. आणि छपाईनंतर खिळे पुन्हा नळ्यांत भरायला आणखी हात. एका माणसाचे काम वाचवायला तीन माणसे. यंत्र मागे पडले, यात आश्चर्य ते काय?

तिसऱ्या कामाची, म्हणजे खिळे सोडण्याची, एक चांगली तोड १८८०च्या सुमारास अमेरिकेत थॉर्न नावाच्या गृहस्थाने काढली. त्याने प्रत्येक अक्षराच्या खिळ्याला कडेवर निरनिराळ्या खाचा पाडल्या. एकावर एक दोन उभी नळकांडी, दोहोंना उभ्या पन्हळी. वापरलेले खिळे वरच्या नळकांड्यात भरायचे आणि ते फिरवायचे. ज्या खिळ्याच्या खाचा खालच्या पन्हळीच्या तोंडाशी किल्लीसारख्या जुळतील तोच खाली पडायचा, बाकीचे पुढे जायचे. म्हणजे कुलूपच! या यंत्रांचा बऱ्यापैकी खपही झाला. पण ओळ भरण्यासाठी शेजारी माणूस बसवावाच लागे. तिढा होता तो तिथेच.

कारण बघा, ओळ भरणे हे काम हाताचे नाही, हिशेबाचे आहे. ओळीतला शेवटचा शब्द येईपर्यंत पहिल्या दोन शब्दांमध्ये किती जागा सोडायची ते ठरवताच येत नाही. जुळारी ओळ पुरी करतो, उरलेली जागा नजरेने जोखतो आणि मग मागे जाऊन स्पेसा बदलतो. मागे जाऊन दुरुस्ती करणे यंत्राला कसे शिकवायचे?

जेम्स पेज नावाच्या शोधकाने ठरवले, की शिकवायचेच. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी त्याने जे यंत्र आरंभले ते तिन्ही कामे करणार होते: खिळे जुळवणार, ओळ मोजून योग्य जाडीच्या स्पेसा निवडून भरणार, आणि वापरलेले खिळे ओळखून परत खणात सोडणार. थोडक्यात, लोखंडाचा जुळारीच तो. त्यात सुमारे अठरा हजार भाग होते. ज्यांनी ते चालताना पाहिले ते थक्क होऊन परतत. आणि अशा थक्क झालेल्यांत मार्क ट्वेन होता.

मार्क ट्वेन हा नुसता लेखक नव्हे. पोरवयात त्याने हॅनिबल गावच्या छापखान्यात उमेदवारी केली होती, खिळे जुळवून पोट भरले होते. या कामात माणसाचे काय होते हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. म्हणूनच तो फसला, असे मला वाटते. ज्याने कधी स्टिक हातात धरली नाही त्याला ते यंत्र अवघड दिसले असते. ट्वेनला ते ओळखीचे दिसले. आपला जुना सोबतीच पोलादात उतरलेला दिसला. १८८० साली त्याने पहिले पैसे घातले आणि मग घालतच राहिला. सगळे मिळून सुमारे तीन लाख डॉलर या यंत्राने गिळले, असा अंदाज सांगतात. पेज हा माणूस विलक्षण बुद्धीचा, आणि बोलण्यात त्याहून विलक्षण. यंत्र चालू लागले की त्याला त्यात आणखी एक सुधारणा सुचे, आणि ती करण्यासाठी तो ते पुन्हा खोलून ठेवी. ५ जानेवारी १८८९ रोजी त्या यंत्राने पहिली ओळ आपोआप भरून दाखवली. ट्वेनने त्याच दिवशी आपल्या भावाला आनंदाने कळवले, की जगाच्या इतिहासात सुट्या खिळ्यांची ओळ यंत्राने भरण्याचा हा पहिलाच प्रसंग. खिळ्यांपुरते ते खरेही होते. पण तोवर अडीच वर्षे न्यूयॉर्कच्या एका दैनिकात दुसरे एक यंत्र रोज रात्री ओळी भरत होते. आणि त्यात खिळा नावाची वस्तूच नव्हती.

ते यंत्र करणारा ओटमार मर्गेनथालर. जन्म १८५४ सालचा, जर्मनीतल्या वुर्टेंबर्ग प्रांतातला, शाळामास्तराचा मुलगा. इंजिनियर व्हायची हौस होती, पण घरी शिक्षणाला पैसा नव्हता. तेव्हा नात्यातल्या एका घड्याळजीकडे उमेदवारीला राहिला. अठराव्या वर्षी, १८७२ साली, तो अमेरिकेत उतरला आणि एका नातलगाच्या कारखान्यात शास्त्रीय उपकरणे बनवू लागला. छापखान्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. १८७६ साली जेम्स क्लेफेन नावाचा कोर्टातला लघुलेखक त्या कारखान्याशी संबंधात आला. क्लेफेनचे गाऱ्हाणे असे, की कोर्टाचे कामकाज टिपून तर घेता येते, पण ते छापून मिळेपर्यंत दिवस उलटतात. हाताने खिळे जुळवण्याची ही भानगड टाळता येईल असे काहीतरी करून द्या.

हा प्रश्न घड्याळजीपुढे आला तो असा आला. ‘जुळाऱ्याचा हात कसा बनवायचा’ असे त्याला कोणी विचारलेच नव्हते. त्याच्या आणि पेजच्या वाटा फुटल्या त्या इथे.

पहिले प्रयोग फसले. कागदाच्या लगद्यावर एकेक अक्षर दाबून त्याचा साचा घ्यायचा आणि त्यात शिसे ओतायचे, अशी ती कल्पना होती. पण एक अक्षर दाबले की शेजारच्या अक्षराचा ठसा बिघडे, आणि ओतलेल्या शिशाला लगदा चिकटून बसे. बरीच वर्षे आणि बराच पैसा त्यात गेला. मग एकदा वॉशिंग्टनच्या आगगाडीत बसला असता मर्गेनथालरच्या मनात आले, की आधी लगद्याचा साचा आणि मग ओतकाम, हे दोन टप्पे हवेत कशाला? अक्षराचा खोलगट साचा पितळेतच कोरलेला असला, तर तो जुळवून सरळ त्याच्यावर शिशाचा रस सोडता येईल. या साच्याला मुद्रणाच्या भाषेत मातृका म्हणतात. शब्द मोठा सुरेख आहे. अक्षर तिच्या पोटी जन्मते. १८८४च्या सुमारास झालेल्या यंत्रात उभ्या पितळी पट्ट्या होत्या, आणि एकेका पट्टीवर सगळी मुळाक्षरे कोरलेली. चालले, पण पट्टीवरचे एक अक्षर खराब झाले की सबंध पट्टी बाद. पुढल्या वर्षी त्याने पट्ट्यांचे तुकडे केले. एका अक्षराची एक सुटी मातृका. आणि ओळ ओतून झाली की त्या मातृका फिरून आपल्या जागी जाणार, पुढच्या ओळीसाठी.

आता गंमत पाहा. जुळवायचे खिळे नव्हेत, तर पितळेचे साचे. ओळ भरली की सगळी ओळ एकदम ओतायची. बाहेर पडते ती शिशाची एकसंध पट्टी, तिच्या कडेवर ओळभर अक्षरे उमटलेली. छापून झाले की ती पट्टी भट्टीत टाका. खिळे खणात सोडण्याचे काम गेले, कारण खिळेच उरले नाहीत. चर्चच्या मनात १८२२ साली येऊन गेलेली गोष्ट साठ वर्षांनी अशी वेगळ्याच दाराने आत आली.

राहिली उजवी कडा. ओळ ओतण्यापूर्वी ती भरावी तर लागणारच. तोड निघाली ती कोणत्याही सुताराला समजेल अशी: पाचर. शब्द संपला की मातृकांच्या रांगेत एक पातळ पाचर सोडायची. तिचे जाड टोक खाली लोंबत राहते. ओळ पुरी झाली की ती दोन जबड्यांमध्ये धरायची आणि खालून एक दांडा साऱ्या पाचरींना एकदम वर ढकलतो. पाचरी वर सरकतात तशी शब्दांमधली जागा सगळीकडे सारखी फुगत जाते, आणि ओळ जबड्यांना घट्ट भिडली की थांबते. मोजणे नाही, हिशेब नाही, मागे जाणे नाही. अठरा हजार भागांच्या यंत्राला जो हिशेब जमवताना धाप लागली, तो पाचरीने केलाच नाही. तिला तो करावा लागला नाही.

एक बारकावा मात्र राहतो. साधी पाचर एका अंगाने कलती असते. तिला टेकलेली मातृका सरळ उभी राहणार नाही. म्हणून पाचर दुहेरी हवी: दोन पाचरी उलटसुलट एकमेकींवर सरकणाऱ्या, म्हणजे जाडी वाढली तरी बाहेरच्या दोन्ही बाजू समांतर राहतात. ही दुहेरी पाचर शुकर्स नावाच्या दुसऱ्याच एका शोधकाची ठरली. पेटंटचा तंटा झाला, तिचे हक्क जॉन रॉजर्स याच्या ‘टायपोग्राफ’ नावाच्या प्रतिस्पर्धी यंत्राच्या कंपनीकडे गेले, आणि शेवटी मर्गेनथालरच्या भांडवलवाल्यांनी ती कंपनीच विकत घेऊन टाकली. रॉजर्स पुढे त्यांच्याकडेच कामाला राहिला आणि त्याने या यंत्रात पुष्कळ सुधारणा केल्या. एका यंत्रावर एकाच माणसाचे नाव लागते ते सोयीसाठी.

३ जुलै १८८६ रोजी ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’च्या छापखान्यात हे यंत्र कामाला लागले. संपादक व्हाइटलॉ रीड याने ओतून निघालेली पट्टी हातात घेतली आणि अख्खी ओळ पाहून जे उद्गार काढले त्यांवरून ‘लायनोटाइप’ हे नाव पडले, अशी हकीकत सांगतात. रीडला यंत्राची घाई होती त्यालाही कारण होते. त्याचे आणि जुळाऱ्यांच्या संघाचे त्या वेळी पुरते बिनसलेले होते.

या पहिल्या नमुन्यात मातृका फुंकरीने, म्हणजे हवेच्या झोताने पुढे ढकलल्या जात. झोत कमीजास्त झाला की मातृका अडकत. १८९०च्या सुमारास निघालेल्या नमुन्यात मर्गेनथालरने झोत काढून टाकला आणि मातृकांचे कोठार वर नेऊन तिरपे ठेवले. मातृका आता आपल्याच वजनाने घसरत खाली येऊ लागल्या. सुधारणा म्हणजे काहीतरी वाढवणे असे आपल्याला वाटते. पेजलाही तसेच वाटे. तो आपल्या यंत्राला हवेचा झोत जोडू पाहत होता, तेव्हा मर्गेनथालर आपल्या यंत्रातला झोत काढीत होता.

मातृका परत जातात कशा, हा भाग मला सगळ्यांत आवडतो. प्रत्येक मातृकेच्या डोक्याला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना दाते, जास्तीत जास्त सात जोड्या. कोणत्या अक्षराला कोणत्या जोड्या ठेवायच्या आणि कोणत्या कापायच्या ते ठरलेले. सात जोड्यांतून असे सव्वाशेवर निरनिराळे नमुने होतात. कळफलकावर कळा नव्वदच. ओळ ओतून झाली की एक लांब हात खाली येतो, मातृका उचलतो आणि वर एका दांड्यावर लटकवतो. त्या दांड्याला लांबीच्या कंगोऱ्या आहेत, त्या जागोजाग तोडलेल्या. मातृका दातांनी कंगोऱ्यांना धरून लटकत पुढे सरकत राहते. जिथे तिच्या दातांखालच्या नेमक्या तेवढ्या कंगोऱ्या तुटलेल्या असतात, तिथे तिला आधार उरत नाही आणि ती खाली पडते, आपल्या कप्प्यात. दुसरीकडे कुठेही पडूच शकत नाही. एक ओळ जुळते आहे, तिच्या आधीची ओतली जाते आहे, आणि तिच्याही आधीच्या ओळीच्या मातृका घरी परतत आहेत, अशी तिन्ही कामे एकाच वेळी. चालवणारा एक. चांगला हात असला तर तासाला पाच-सात हजार अक्षरे.

आणखी एका माणसाचे नाव इथे घ्यायला हवे. एकेका यंत्राला शेकडो मातृका लागतात, आणि त्या ठोकायला पोलादी ठसे लागतात. ठसे कोरणे हे सोनाराहून नाजूक काम. एक ठसा कोरायला चांगला कारागीर दिवस घेई, आणि दाबाखाली तो केव्हा तुटेल याचा नेम नाही. मिल्वॉकीच्या लिन बॉइड बेंटन याने १८८५च्या सुमारास ठसे कोरण्याचे यंत्र काढले होते; मोठ्या नमुन्यावरून सुई फिरवली की लहान ठसा आपोआप हुबेहूब कोरला जाई. ते लायनोटाइप कंपनीच्या हाती आले नसते, तर मर्गेनथालरचे यंत्र मातृकांवाचून उपाशी राहिले असते.

खोड्या होत्याच. ओळ सैल राहिली तर फटीतून उकळते शिसे पिचकारीसारखे उडे आणि चालवणाऱ्याचे पाय भाजत. ओळ जबड्यांत घट्ट बसल्याशिवाय शिशाचा पंप चालूच नये, अशी अटक मग बसवली. एकसंध पट्टीमुळे दुसरी पंचाईत. एक स्वल्पविराम चुकला तरी सबंध ओळ नव्याने करायची. ओळ बिघडली हे मध्येच लक्षात आले, की चालवणारा कळफलकाच्या पहिल्या दोन उभ्या रांगांवरून सरसर बोट फिरवून ती कशीबशी भरून टाकी, पुढे काढून टाकायची म्हणून. कधी कधी ती काढायची राहून जाई. मग सकाळी लोकांना बातमीच्या मध्येच ‘एटॉइन श्रद्लू’ असे काहीतरी वाचायला मिळे, आणि ही कोणती भाषा म्हणून ते बुचकळ्यात पडत.

जुळाऱ्यांचे काय झाले? हजारोंच्या हातचे काम गेले, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या संघाने एक शहाणपणा केला. यंत्र फोडा असे न म्हणता त्यांनी धरून बसायचे ठरवले, की यंत्रावर बसेल तो आमचा शिकलेला जुळारीच, आणि मजुरीही तशीच. पुढे १९०५-०६ साली आठ तासांच्या दिवसासाठी त्यांनी मोठा संप केला. ‘फॅमिली हेरल्ड’च्या वेळची नुसती चीड यापुढे काय टिकणार?

पेजच्या यंत्राची परीक्षा १८९४ साली ‘शिकागो हेरल्ड’च्या छापखान्यात झाली. चालले तेव्हा ते झपाट्याने चालले, पण वरचेवर बंद पडे, आणि अठरा हजार भागांत दोष शोधायला कोण बसणार? ट्वेनच्या मित्रांनी त्याला यातून अंग काढून घ्यायला लावले. त्याच वर्षी त्याची प्रकाशनसंस्थाही बुडाली. दिवाळखोरीच्या कायद्याने त्याची सुटका झाली असती. पण पै न् पै फेडायची, असे त्याने ठरवले. साठीला टेकलेला हा माणूस १८९५च्या उन्हाळ्यात व्याख्यानांच्या जगप्रवासाला निघाला आणि जानेवारी १८९६मध्ये मुंबईत उतरला. वॉटसन हॉटेलात मुक्काम, खोकल्याने बेजार. तरी नॉव्हेल्टी थिएटरात उभे राहून त्याने लोकांना हसवले. हॉटेलाच्या खिडकीबाहेरचे कावळे त्याला फार आवडले. पुढे प्रवासवर्णनात त्यांच्यावर त्याने मनापासून लिहिले आहे. १८९८ साली कर्ज फिटले. पेज मात्र १९१७ साली कंगाल स्थितीत वारला. त्याचे ते यंत्र हार्टफर्डला ट्वेनच्या घराच्या संग्रहालयात ठेवलेले आहे.

मर्गेनथालरला तरी सुख लाभले का? भांडवलवाल्यांशी खटके उडून १८८८ सालीच तो कंपनीतून बाहेर पडला होता. मानधनावरून तंटे चालूच राहिले. १८९९ साली बाल्टिमोरला क्षयाने तो गेला, तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता.

ओळ भरण्याची आणखी एक युक्ती त्याच काळात निघाली, आणि ती पाचरीइतकीच नामी आहे. टॉल्बर्ट लॅन्स्टन हा वॉशिंग्टनच्या पेन्शन कचेरीतला कारकून. १८८७ साली त्याने पेटंट घेतलेले मोनोटाइप यंत्र दोन भागांत होते. एका भागावर कळा दाबल्या की कागदी फितीला भोके पडत. दुसरा भाग त्या भोकांवरून एकेक खिळा ओतून ओळीत लावीत जाई. मग स्पेसांचा हिशेब? तो कळफलकाच्या यंत्राने ओळ संपताना काढायचा, आणि ओळीच्या शेवटी भोके पाडून फितीवर नोंदवायचा. पण ओतणाऱ्या यंत्राला तो आधी हवा. म्हणून फीत उलटी लावायची! शेवटचे भोक प्रथम वाचले जाते, आणि मजकूर शेवटाकडून आरंभाकडे ओतला जातो. मागे जाऊन दुरुस्ती करणे यंत्राला कसे शिकवायचे, या प्रश्नाला कारकुनाने दिलेले हे उत्तर. लॅन्स्टनचा मूळ नमुना थंड धातूवर अक्षरे ठोकणारा होता. फिलाडेल्फियाच्या सेलर्स बॅन्क्रॉफ्टने त्याला ओतकामाचे चालते यंत्र केले. सुटे खिळे असल्यामुळे चूक हाताने दुरुस्त करता येई. त्यामुळे पुस्तके मोनोवर आणि दैनिके लायनोवर, अशी वाटणी होऊन गेली.

ट्वेन मुंबईत व्याख्याने देत होता तेव्हा पुण्याचा ‘केसरी’ आणि मुंबईचे निर्णयसागर हाताने खिळे जुळवून छापत होते, आणि पुढेही कितीतरी वर्षे छापत राहिले. मराठी माणूस मागासलेला म्हणून नव्हे. नव्वद कळांत इंग्रजी मावते, मराठी मावत नाही. आपल्याला वर मात्रा आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. हाताच्या केसमध्ये खिळ्यांचे प्रकार कित्येक शेकड्यांत जात. शिवाय लायनोटाइपची मातृका शेजारणीच्या अंगावर झुकू शकत नाही. आपली वेलांटी तर शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर छत्री धरते! न्यूयॉर्कमध्ये राहणारे हरी गोविल यांनी १९३०च्या दशकात मर्गेनथालर कंपनीबरोबर खटपट करून देवनागरी लायनोटाइपवर आणली; मोनोटाइपवरही ती आली. पण दोन्हीकडे काटछाट करावी लागली. मग यंत्र लिपीसारखे करायचे, की लिपी यंत्रासारखी, असा वाद आपल्याकडे रंगला. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुढे केली. १९५३ साली लखनौला भरलेल्या परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, आखूड दांडीची लिहावी असे ठरवले. ती कोणाच्या हाताला रुचली नाही आणि डोळ्यालाही नाही. १९५७ साली वेलांटी पुन्हा डावीकडे आली.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लायनोटाइपवर शेवटचा अंक काढला तो जुलै १९७८च्या आरंभी. त्या रात्रीनंतर तिथे ओळी संगणकावर भरू लागल्या.